सैनिक पडला की मेला : एच. जी. वेल्स, फरशीवरची लढाई आणि ‘स्टेटस’ लक्षात ठेवण्याची गोष्ट

मागच्या दिवाळीत मी गावी, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीला गेलो होतो. सोयाबीन निघून गेलं होतं, घरात कोणाला फारसं काम नव्हतं. ओसरीवर मी, दोन चुलतभाऊ आणि आत्याची मुलगी असे चौघं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलो. आजी बाजेवर बसून बघत होती. विकतच्या महागड्या मिनिएचर कुठून आणणार? म्हणून पोळ्याचे मातीचे बैल झाले राक्षस, बुद्धिबळाचे मोहरे झाले आमचे योद्धे आणि वीस बाजूंचा फासा मोबाइलच्या अ‍ॅपमधून.

खेळ मस्त रंगात आला होता. एका नागराक्षसाने धाकट्या भावाच्या योद्ध्याला, म्हणजे काळ्या घोड्याला, विषबाधा केली आणि तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन परत बसलो तर घोडा आधी होता तसाच उभा. विष उतरलं होतं की नव्हतं? भाऊ म्हणे केव्हाच उतरलं. मी म्हणे अजून एक फेरी बाकी आहे. पाच मिनिटांत भांडण इतकं पेटलं की पटच उधळला गेला.

खरं सांगायचं तर खोटं कोणीच बोलत नव्हतं. घोड्याकडे बघून त्याला विषबाधा झाली आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. आजचा लेख याच अडचणीबद्दल आहे, पण तो मी एका माणसाच्या आयुष्यातून सांगणार आहे. टाइम मशीन आणि अदृश्य माणूस ज्यांनी घराघरात पोहोचवले, ते लेखक एच. जी. वेल्स. छोट्या सैनिकांच्या खेळाचे नियम त्यांनी १९१३ साली पुस्तकात छापले, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आधी दोन मिनिटांत : स्टेटस कंडिशन म्हणजे काय?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. टेबलावर त्या पात्राच्या जागी छोटी बाहुली ठेवतात, तिला मिनिएचर म्हणतात. पात्र कुठे उभं आहे हे बाहुलीवरून कळतं. पण ते आंधळं झालंय का, घाबरलंय का, बेशुद्ध आहे का, अदृश्य आहे का, हे बाहुली सांगत नाही. अशा अवस्थांना कंडिशन म्हणतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमपुस्तकात अशा १५ कंडिशन दिल्या आहेत. उदाहरणार्थ, विषबाधा झालेल्या पात्राने हल्ला केला तर फासा दोनदा टाकायचा आणि त्यातला लहान आकडा धरायचा. म्हणजे विष आहे की नाही यावर अख्खी लढाई फिरू शकते.

मोबाइल गेममध्ये हे काम फोन करतो. पोकेमॉनला विषबाधा झाली की नावाशेजारी छोटी पट्टी दिसते. बीजीएमआयमध्ये नॉक झालेला खेळाडू रांगायला लागतो आणि टीमला ते लगेच कळतं. टेबलावर मात्र हे लक्षात ठेवणारं यंत्र नसतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘स्टेट’ म्हणतो. कुठल्याही स्टेटबद्दल तीन प्रश्न विचारायचे असतात. ती काय आहे? ती कधी संपते? आणि ती कोणाकोणाला दिसते? हे तीन प्रश्न खिशात ठेवा, वेल्स यांच्या आयुष्यात ते पुन्हा पुन्हा भेटतील.

बर्टीचा मोडलेला पाय

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावात झाला. घरी त्याला बर्टी म्हणत. वडील जोसेफ यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं आणि क्रिकेटच्या सामानाचं दुकान होतं, ते कधीच नीट चाललं नाही. पण जोसेफ स्वतः क्रिकेट खेळून पैसे कमवायचे. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंत चार बळी घेतले होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं करणारे ते पहिलेच.

१८७४ साली छोट्या बर्टीचा पाय मोडला. कित्येक आठवडे अंथरुणात. वडील वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचे आणि पोरगं ती फडशा पाडल्यासारखं वाचायचं. वाचनाचं वेड इथूनच लागलं, असं वेल्स पुढे स्वतःच सांगायचे.

तीन वर्षांनी, १८७७ साली, वडिलांचंच मांडीचं हाड मोडलं. क्रिकेट बंद झालं आणि त्याबरोबर घरात येणारा पैसाही. मुलाच्या मोडलेल्या पायाने पुस्तकं दिली, बापाच्या मोडलेल्या पायाने गरिबी दिली. मुलाचा पाय बरा झाला. बापाचा क्रिकेटर म्हणून काळ संपला तो संपलाच.

कापड दुकानातून प्रयोगशाळेत

आई सेरा १८८० साली अपपार्क नावाच्या मोठ्या हवेलीत घरकामावर देखरेख करायला गेली. बर्टीला कापडाच्या दुकानात शिकाऊ म्हणून चिकटवलं. साउथसी गावच्या त्या दुकानात तो १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षं होता. सकाळपासून रात्रीपर्यंत गठ्ठे उचला, घड्या घाला, मालकाची बोलणी खा. एका रविवारी तो मैलोन्‌मैल पायी चालत आईकडे गेला आणि मला यातून सोडव म्हणून तिच्या मागे लागला. शेवटी आई तयार झाली.

मिडहर्स्टच्या शाळेत तो शिकता शिकता शिकवू लागला. परीक्षांमध्ये असा चमकला की १८८४ साली लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये शिष्यवृत्ती मिळाली. तिथे जीवशास्त्र शिकवायला होते टी. एच. हक्सले, डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतासाठी जाहीरपणे भांडणारा माणूस. गावाकडून शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलेल्या कोणालाही हे वर्ष समजेल. खिशात पैसे नाहीत, मेसचं जेवण अर्धपोटी, आणि डोक्यात मात्र दिवे पेटलेले!

१८८७ साली वेल्स वेल्समधल्याच (हो, प्रांताचं नावही तेच!) एका शाळेत शिक्षक झाले. तिथे फुटबॉल खेळताना जोराचा मार बसला आणि मूत्रपिंडाला इजा झाली. नंतर खोकल्यातून रक्त पडू लागलं. क्षयाची शंका होती आणि आपण फार जगणार नाही असं त्यांना वाटू लागलं. बाहेरून बघणाऱ्याला एक बारीक तरुण शिक्षक दिसायचा. आत काय चाललंय ते दिसायचं नाही. उभ्या मोहऱ्याचं विष आठवलं का?

तरी त्यांनी १८९० साली लंडन विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली पदवी घेतली. १८९१ साली चुलतबहीण इझाबेलशी लग्न केलं. ते टिकलं नाही. पुढे विद्यार्थिनी एमी कॅथरीन रॉबिन्स यांच्याशी १८९५ साली दुसरं लग्न झालं, त्यांना वेल्स जेन म्हणत. या संसारातही त्यांनी जेनला कमी त्रास दिला नाही. त्यांची इतर प्रेमप्रकरणं लपून राहिली नव्हती.

अदृश्य असण्याचे नियम

१८९५ साली ‘द टाइम मशीन’ आली. मग पुढच्या तीन वर्षांत डॉक्टर मोरो, अदृश्य माणूस आणि मंगळावरून आलेले हल्लेखोर. मार बसलेल्या, रक्त ओकणाऱ्या त्या शिक्षकाला जगभर ओळख मिळाली.

आपल्या विषयासाठी यातली १८९७ची ‘द इनव्हिजिबल मॅन’ महत्त्वाची. ‘मिस्टर इंडिया’मध्ये लाल उजेडात अदृश्य नायक दिसायचा, आठवतंय? तसंच वेल्स यांनीही अदृश्यपणाला नियम लावले. ग्रिफिन नावाचा शास्त्रज्ञ स्वतः अदृश्य होतो, पण त्याचे कपडे होत नाहीत. म्हणून थंडीत उघडं फिरावं लागतं. पोटात गेलेलं अन्न पचेपर्यंत दिसत राहतं. अंगावर बर्फ पडला तर आकार उमटतो. कुत्र्यांना वास येतो तो येतोच. आणि लोकांत मिसळायचं तर तोंडाला पट्ट्या गुंडाळून, आपण इथे आहोत हे दाखवावं लागतं. कादंबरीच्या शेवटी ग्रिफिन मरतो तेव्हा त्याचं शरीर हळूहळू दिसू लागतं.

एखाद्या गेम डिझायनरने लिहावी अशी ही कंडिशन आहे. काय बदलतं, काय बदलत नाही, कोणाला तरीही कळतं आणि कधी संपतं, सगळं ठरलेलं.

फरशीवरचं युद्ध

पुस्तकांच्या पैशातून वेल्स यांनी समुद्राकाठच्या सँडगेटला ‘स्पेड हाउस’ नावाचं घर बांधलं. १९०१ साली मुलगा जॉर्ज फिलिप झाला, त्याला गिप म्हणत. १९०३ साली धाकटा फ्रँक. ही दोन पोरं आणि त्यांचा खेळकर बाप मिळून फरशीवर शहरं, बेटं, आगगाड्या मांडायचे. त्यावर वेल्स यांनी १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक लिहिलं.

लढाईच्या खेळाची ठिणगी एका मित्रामुळे पडली. जेवण झाल्यावर कॉफीची वाट बघताना या मित्राने शेजारच्या टेबलावरची खेळण्यातली तोफ उचलली, भरली, नेम धरला आणि एक शिशाचा सैनिक पाडला. वेल्स यांनी पुस्तकात मित्राची फक्त आद्याक्षरं दिली आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम होता हे सगळे मानतात. ती स्प्रिंगची तोफ लाकडाचा बारीक तुकडा उडवायची आणि नऊ यार्डांवरचा सैनिक दहातल्या नऊ वेळा पाडायची. दोन मोठी माणसं पोरांसारखी खाली बसली आणि पुढे या खेळाचे नियम घडत गेले. जाडजूड विश्वकोशाच्या खंडांचे डोंगर झाले, खडूने नद्या काढल्या गेल्या. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ छापून आलं.

नियम साधे होते. सुरुवातीला मधोमध पडदा लावायचा, म्हणजे समोरच्याची मांडणी दिसत नाही. एका चालीत पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेने एका चालीत एकतर हलायचं नाहीतर चार गोळे मारायचे. तोफेपासून सहा इंचांच्या आत आपले किमान चार सैनिक नसतील तर ती तोफ ना हलते ना डागता येते. चालीला वेळेची मर्यादा, घड्याळ लावून.

आता आपले तीन प्रश्न या खेळाला विचारू. तोफ चालू आहे की बंद? सहा इंचांत चार माणसं मोजा, उत्तर समोर आहे. सैनिक जिवंत आहे का? उभा आहे म्हणजे जिवंत, पडला म्हणजे मेला, उचलून डब्यात ठेवा. वेगळी वही नको, खूण नको. फरशी हीच डेटाबेस. दोन्ही खेळाडू एकच गोष्ट बघतात, म्हणून भांडण नाही. मला विचाराल तर वेल्स यांच्या नियमांमधली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

पण एका ठिकाणी त्यांनाही जमलं नाही. हातघाईत सैनिक कैद होऊ शकत. एक पहारेकरी सात कैदी घेऊन मागे जाऊ शकतो. कैदी सुटला तर? तो निःशस्त्र धरायचा. आपल्या मागच्या रेषेपर्यंत जाऊन येईपर्यंत त्याला लढता येत नाही. आता बघा, सुटलेला निःशस्त्र सैनिक आणि शेजारचा बंदूकधारी सैनिक, दोघंही शिशाचे, दोघांच्याही हातात तीच रंगवलेली बंदूक. फरक फक्त खेळणाऱ्यांच्या डोक्यात. आमच्या काळ्या घोड्याची अडचण १९१३ साली वेल्स यांच्या फरशीवरही होती!

आणि एक अवस्था मुख्य खेळात मुळी नव्हतीच : जखमी. सैनिक उभा तरी असतो, मेलेला तरी, नाहीतर कैदी. पाय मोडलेला, रक्त ओकणारा, घरी परत जाऊन पुन्हा कधीच पूर्वीसारखा न होणारा सैनिक या फरशीवर नाही. ज्या माणसाने स्वतः हे सगळं भोगलं, त्याच्या खेळात ते नसावं, हे मला फार वेळ सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा चुटपूट लागली.

खरं युद्ध

वेल्स युद्धखोर नव्हते. उलट, पुस्तकाच्या शेवटी त्यांनी सांगितलं आहे की हा खेळ तीन-चार वेळा खेळला तरी खरं युद्ध किती गोंधळाचं आणि मूर्खपणाचं असेल ते कळतं. ज्यांना लढायची खुमखुमी आहे त्यांनी फरशीवर लढावं आणि बाकीच्यांना जगू द्यावं, असा त्यांचा सूर होता.

पुढच्याच वर्षी, १९१४च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं. आणि वेल्स? त्यांनी युद्धाच्या बाजूने लेख लिहिले. हे युद्ध सगळी युद्धं संपवणारं ठरेल अशी त्यांची मांडणी होती आणि त्याच अर्थाचं नाव असलेलं त्यांचं पुस्तक त्या वर्षी निघालं. १९१८ साली काही काळ त्यांनी सरकारच्या प्रचारखात्यातही काम केलं. खेळाच्या पुस्तकात दिसलेलं शहाणपण खऱ्या तोफांच्या आवाजात हरवलं. पुढे आपला भ्रमनिरास त्यांनी लपवला नाही.

या युद्धातून लाखो माणसं घरी आली ती उभी होती, पण बरी नव्हती. विषारी वायूने फुप्फुसं गेलेली, स्फोटांच्या आवाजाने मनाने कोसळलेली. पडला म्हणजे मेला हा नियम त्यांना लावताच येत नव्हता. त्यांची अवस्था कोणत्याच फरशीवर दिसत नव्हती.

त्याच १९१४ साली आलेल्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत वेल्स यांनी अणुबॉम्ब हा शब्द वापरून शहरं उद्ध्वस्त करणारं शस्त्र रंगवलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती १९३२ साली वाचली आणि पुढच्याच वर्षी त्यांना अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली.

न दिसणारी साखर

युद्धानंतर वेल्स यांनी जगाचा इतिहास लिहिला, तो प्रचंड खपला. गिप मोठा होऊन प्राणिशास्त्रज्ञ झाला. बाप, लेक आणि ज्यांच्या वर्गात बाप शिकला त्या हक्सलेंचे नातू ज्युलियन अशा तिघांनी मिळून ‘द सायन्स ऑफ लाइफ’ हा जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला.

मग वेल्स यांना मधुमेह निघाला. इन्शुलिनचं इंजेक्शन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते १९२२ साली. म्हणजे हा आजार म्हणजे मरणच, ही स्थिती नुकतीच बदलली होती. आता मधुमेही माणूस जगू शकत होता, पण रोज लक्ष ठेवून. तेव्हा ग्लुकोमीटर नव्हतं. लघवीत रसायन घालून उकळायचं आणि रंग कोणता येतो ते बघायचं. शरीराच्या आतली कंडिशन रंगाने बाहेर दाखवायची ही युक्ती!

१९३४ साली वेल्स यांनी स्वतः मधुमेही असलेले डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांच्यासोबत मधुमेहींची संघटना काढली. गरीब-श्रीमंत सगळ्यांना इन्शुलिन मिळावं आणि रुग्णांना आपला आजार कसा सांभाळायचा ते कळावं, हा हेतू. तीच संघटना आज ‘डायबेटिस यूके’ नावाने चालते. ज्यांच्या खेळात जखमी सैनिकाला जागा नव्हती, त्यांनी म्हातारपणी उभ्या दिसणाऱ्या आजारी माणसांसाठी जागा केली. माझ्या मते वेल्स यांचा हा सगळ्यात चांगला नियम.

१९३८च्या ‘वर्ल्ड ब्रेन’ या पुस्तकात त्यांनी सगळ्या जगाचं ज्ञान एकत्र ठेवणाऱ्या आणि सतत अद्ययावत होणाऱ्या विश्वकोशाची कल्पना मांडली. विकिपीडिया उघडताना ते आठवायला हरकत नाही. एकेकाळी विश्वकोशाचे खंड फरशीवर डोंगर म्हणून मांडणाऱ्या माणसाची ही कल्पना!

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असतानाही ते तिथेच राहिले. १९४५च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा-नागासाकी झालं. त्यांनी नाव दिलेलं शस्त्र खरं झालेलं बघून, एका वर्षाने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी वेल्स गेले. वय ७९. क्षयाच्या शंकेने विशीतच आयुष्य संपलं असं वाटलेला माणूस.

मग आपल्या टेबलावर काय करायचं?

‘लिटल वॉर्स’ मागे पडलं नाही. ब्रिटिश अभिनेते पीटर कुशिंग, ‘स्टार वॉर्स’मधले टार्किन, हा खेळ आवडीने खेळायचे. छोट्या सैनिकांच्या खेळांची पुढे मोठी परंपरा झाली. त्यातूनच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आलं. तिथे एक बाहुली म्हणजे एक पात्र, आणि पात्राला झोप लागू शकते, भुरळ पडू शकते, त्याचा दगड होऊ शकतो. न दिसणाऱ्या अवस्था वाढल्या आणि त्या लक्षात ठेवायचा प्रश्नही वाढला. त्यावरचे आजचे उपाय असे :

१. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाखाली राहणारी प्लास्टिकची कडी. बाहुलीच्या गळ्यात घाला. हिरवी म्हणजे विष, लाल म्हणजे घाबरलेला, असं आधी ठरवा. फुकट आणि सगळ्यांना दिसणारं.

२. किती फेऱ्या उरल्या हे दाखवायला बाहुलीशेजारी छोटा फासा. फेरी संपली की आकडा एकाने कमी करा.

३. कंडिशनचं नाव आणि परिणाम लिहिलेली चिठ्ठी खेळाडूच्या समोर. नियमपुस्तक उघडायचा वेळ वाचतो.

४. ऑनलाइन खेळत असाल तर ‘रोल ट्वेंटी’सारख्या साइटवर टोकनवर खुणा लावता येतात.

कुठलाही उपाय घ्या, तीन प्रश्न विसरू नका. खूण लावणं सोपं असतं. ती कोणी आणि कधी काढायची हे आधी ठरलं नाही तर भांडण तिथेच होतं. कोडमधले माझे कितीतरी बग याच जातीचे निघाले आहेत : फ्लॅग लावला, काढायला विसरलो.

आणि हो, ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. त्या दिवशी पट उधळल्यावर आजी हसून सांगायला लागली की सारीपाटात पूर्ण फेरी मारून मधल्या पट्टीत परत आलेली सोंगटी आडवी ठेवायची. तीच पट्टी, तीच सोंगटी, पण उभी म्हणजे आत्ता निघालेली आणि आडवी म्हणजे घरी चाललेली. ना कडी, ना फासा, ना अ‍ॅप.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. काळ्या घोड्याला हिरवी कडी घातली. किती फेऱ्या उरल्या ते लिहायला कागद सापडेना, तेव्हा आजीने उशाखालची वही काढून दिली. पुढच्या पानांवर रोजच्या साखरेचे आकडे, तारीखवार, तिच्या थरथरत्या अक्षरात. शेवटच्या पानावर धाकट्या भावाने लिहिलं : घोडा, विष, दोन फेऱ्या. चहा आला, आम्ही उठलो, परत आलो. त्या दिवशी भांडण झालं नाही.